ओटीतला नारळ

द्राक्षाचा शेवटचा माल उतरला की मालकाच्या घरी माझ्या बायकोची ओटी भरली जायची. तांदूळ, हळकुंड, सुपारी, खण आणि नारळ. बाईची ओटी भरण्यात नवीन काही नाही, पण ह्या ओटीचा अर्थ वेगळा होता. माझी बायको बारा बायकांच्या टोळीची म्होरकी. मालकिणीनं तिच्या पदरात नारळ घातला म्हणजे पुढच्या हंगामाचं बागेचं काम ह्याच टोळीचं, असं ठरलेलं. कागद नाही, विसार नाही. बायको तो नारळ घरी आणून देव्हाऱ्यात ठेवायची. उन्हाळा, पावसाळा तो तिथंच. ऑक्टोबरात छाटणीला सुरुवात झाली की पहिल्या वेलाखाली फोडायचा, खोबरं बायकांत वाटायचं आणि मग कात्री हातात घ्यायची. एकवीस वर्षं असं चाललं.

बाग तासगावच्या अंगाला. मी त्या बागेवर चाळीस वर्षं गडी. मूळचा मी सातारा जिल्ह्यातला, माणदेशातला. चौथीत शाळा सुटली. लिहितो ते असंच लिहितो, चुकलं तर चुकलं.

बागेत बायकांचं काम म्हणजे डोळ्याचं आणि बोटाचं काम. छाटलेल्या काडीवर डोळे असतात, तिथनं फूट येते. त्या डोळ्यांना औषध लावायचं. जादाची फूट खुडायची. घड लांब व्हावा म्हणून एकेक घड औषधाच्या मगात बुडवून काढायचा, त्याला डिपिंग म्हणतात. मग घडातले जादा मणी बारक्या कात्रीनं काढायचे. किती काढायचे ते मालक पुस्तकात बघायचा. माझी बायको घड तळहातावर घेऊन सांगायची. मालक मांडवाखालनं वाकून चालला की ती म्हणायची, "मालक, ह्यो घड हाय का तुमच्या सासूबाईंचा अंबाडा? येवढा गच्च कशाला ठिवायचा?" बायका हसायच्या. मालकबी हसायचा. मालकाला मी ल्हानपणी खांद्यावर घेऊन बाग दाखवलेली. त्याचा बाप गेल्यावर तो मालक झाला, तेव्हापासनं मी त्याला तुम्ही म्हणतो. तो मला मामा म्हणतो, माझ्या बायकोला मावशी म्हणायचा.

ज्या वर्षाचं सांगतोय, त्या वर्षीही पाडव्याच्या आसपास माल संपला आणि ओटी भरली. मालकीण वैनींनी नारळाला कुंकू लावलं. बायको वाकून पाया पडायला गेली तर वैनी म्हणाल्या, "मावशी, तुमी मोठ्या, मीच पडते." मी दारात चपलांपाशी उभा होतो. मालक सोप्यात बसून फोनवर कुणाशी तरी बोलत होता. त्यानं आमच्याकडं बघून मान हलवली.

गणपती बसले, गेले. चार दिवसांनी मालक मला म्हणाला, "मामा, मागची शेड झाडून घ्या. चुना मारा. वर पत्रं बदलायची हायती."

"कशाला वं?"

"माणसं येणार हायती. बिहारची. छाटणीपास्नं सगळं तीच करणार."

मला आधी कळलंच नाही. मी म्हणालो, "आनी आपल्या बायका?"

मालकानं समोर खुर्ची ओढली. मला बस म्हणाला. चाळीस वर्षांत मला खुर्ची दिलेली मला आठवत नाही. म्हणाला, "मामा, तुमीच सांगा. औषधाचं भाव कुठं गेलं. माल भाईर देशात पाठवायचा तर एक मणी बारका निघाला तरी परत. आपल्या बायका धाला येणार, पाचला गाडी धरणार. मधी कुणाचा पावणा, कुणाचं लेकरू तापलं, कुणाच्या भावकीत मयत. ही माणसं शेडवरच ऱ्हात्यात. उजाडलं की बागेत, दिस मावळला की भाईर. एकराचा ठेका. किती सस्तात पडतंय म्हाईत हाय का? शेजारच्या बागांत सगळ्यांनी हीच आणल्यात. मी एकट्यानं न्हाई आणली तर मी बुडालो."

त्याचं खोटं नव्हतं. द्राक्षाचं काम मी जन्मभर बघितलंय. एक आठवडा हुकला तर वर्ष हुकतं. मी विचारलं, "आनी तिला कोण सांगणार?"

"मी सांगतो की. माझ्या तोंडानं सांगितलं तर बरं दिसंल. तुमी घरी बोलू नका."

मी बोललो नाही. इथं मला थांबावं लागतं लिहिताना. मालकानं फसवलं म्हणून मी दोन वर्षं कुढतोय, पण छाटणीपर्यंतचे ते आठ दिवस माझे आहेत.

त्या आठ दिवसांत मी शेडला चुना मारला. जुनी पत्रं काढली, नवी ठोकली. औषधाचे रिकामे ड्रम एका कोपऱ्यात लावले आणि दुसऱ्या कोपऱ्यात चुलीसाठी विटा मांडल्या. ही शेड मला नवी नव्हती. माणदेशातनं आलो तेव्हा मी तिच्यातच झोपायचो. दुष्काळ होता, गावात जनावरांना पाणी नव्हतं. मालकाच्या बापानं मला ठेवलं, कारण मी शेडवर राहीन म्हणालो आणि देतील ते घेईन म्हणालो. माझ्या आधी इथलाच एक गडी होता. त्याला घर होतं, बायकापोरं होती, तो संध्याकाळी घरी जायचा. त्याला काढला. तो एकदा बांधावर येऊन मला म्हणाला होता, "माणदेशातनं आलास आनी माझी भाकरी उचललीस." मी तेव्हा पोरगा होतो, मला राग आला. हा कोण मला बोलणारा, मी काय कामाला नाही म्हणायला हवं होतं? चुना मारताना तो माणूस मला चाळीस वर्षांनी आठवला. त्याचं पुढं काय झालं मी कधी विचारलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी बायकोनं माझा सदरा धुवायला घेतला. "चुना कुठला लागलाय?"

"गोठ्याला मारला."

"गोठ्याला तर बेंदराला मारला की."

मी म्हणालो, "परत मारला." ती सदरा दगडावर आपटत राहिली.

त्याच आठवड्यात पलीकडच्या गावचा एक बागायतदार मोटारसायकलवरनं आमच्या दारात आला. त्याच्याकडं बिहारी टोळी ठरली नव्हती, त्याला बायका हव्या होत्या. चांगला दर बोलला. गाडीभाडं वर देतो म्हणाला. माझी बायको म्हणाली, "न्हाई वं दादा. आमची बाग ठरलीया." आणि देव्हाऱ्याकडं बोट केलं. तो हसला. म्हणाला, "नारळावर इस्वास ठिवताय मावशी, आजकाल लोक कागदावर ठिवत न्हाईत." ती म्हणाली, "एकवीस वरीस झाली. कागूद तर भिजतोय."

मी तिथंच बसलो होतो. चहात बिस्कीट बुडवून खात होतो. एक शब्द टाकला असता तर बारा घरांचा हंगाम वाचला असता. मालक स्वतः सांगणार आहे, आज सांगेल, उद्या सांगेल, असं मनाला म्हणत बसलो. तो माणूस गेला. दुसऱ्या दिवशी त्यानं दुसरीकडच्या बायका ठरवल्या.

मालकानं शेवटपर्यंत सांगितलं नाही.

छाटणीच्या दिवशी सकाळी बारा बायका पिकअपमधनं बागेवर उतरल्या. डोक्याला टॉवेल, कमरेला कात्री, बायकोच्या पिशवीत नारळ. मांडवाखाली चौदा-पंधरा गडी आधीच छाटत होते. चार ओळी झाल्याही होत्या. मालक कराडला कुणाच्या तरी बारशाला गेला होता. तसं तो म्हणत होता. मी पाण्याच्या हौदाजवळ उभा होतो. बायकोनं माझ्याकडं बघितलं नाही. सरळ त्यांच्या मुकादमापाशी गेली. तिशीतला असेल, हडकुळा, तोंडात तंबाखू.

"तुम कब आया?"

"परसों, चाची."

"किसने बुलाया?"

"सेठ बुलाए. होली के पहले ही बात हो गया था. टिकट का पैसा भी भेजे थे."

होळीच्या आधी. ओटी भरली पाडव्याला. मला हे माहीत नव्हतं. मला वाटलं होतं, मालकानं पावसाळ्यात मन बदललं असेल. नारळ दिला तेव्हा टोळी ठरून झाली होती. तेव्हा बागेत अजून शेवटचा माल उतरायचा होता, आणि बायकांना आधीच कळलं असतं तर त्यांनी कात्र्या खाली ठेवल्या असत्या. म्हणून त्यानं ओटी भरू दिली. सोप्यात बसून मान हलवली.

 मागच्या बायका तो काय म्हणतोय म्हणून पुढं सरकल्या. मग बायकोनं त्या मुकादमाच्या हातातली काडी धरली, बघितली आणि म्हणाली, "एक आँख जादा काटता है तू. फूट नही आयेगा." त्यानं काडीकडं बघितलं. "अच्छा, चाची," म्हणाला आणि पुढच्या काडीला कात्री वरनं लावली. तिनं बघून मान हलवली आणि परत फिरली. पिकअपवाला अजून गेला नव्हता.

त्या दिवशी दुपारी अकरा बायका आमच्या अंगणात बसल्या. कुणी मालकाला शिव्या दिल्या, कुणी बिहाऱ्यांना. शेवटी सगळं माझ्या बायकोवर आलं. तिच्या उजव्या हाताची बाई, जी तिच्या पाठोपाठ दुसरी ओळ धरायची, ती म्हणाली, "तुझ्या नारळानं आमाला घरी बसवलं. त्यो मोटारसायकलवाला तुला देवानं धाडला हुता." बायको म्हणाली, "व्हय, माझंच चुकलं." मी आत पोत्यावर बसून ऐकत होतो.

नंतर ती आठ-दहा बागा फिरली. सगळीकडं टोळ्या ठरलेल्या, निम्म्या बाहेरच्या. उन्हाळ्यात ती दोन बायकांना घेऊन बेदाण्याच्या शेडवर निवडायला गेली. दिवसभर बसून काड्या, खराब बेदाणे वेचायचे. बागेत जे मिळायचं त्याच्या निम्मंही नाही. बाकीच्या कोण कुठं गेल्या. एक माधवनगरात भांडी घासायला, दोघी विटांवर. मी मात्र त्याच बागेवर राहिलो. काम सोडायला हवं होतं. सोडलं नाही. म्हातारपणी कोण ठेवतंय, आणि शेडवरच्या माणसांना पाण्याचं, लायटीचं कोण बघणार, अशी कारणं मी मला सांगितली.

त्या माणसांशी माझं भांडण व्हायला हवं होतं, तेही झालं नाही. उघड्या हातानं औषध लावायचे. तांदूळ आणि बटाटा, सकाळ-संध्याकाळ. गावातल्या किराणा दुकानदाराची चांदी झाली, मोहरीचं तेल कधी गावात येत नव्हतं ते पिंपानं यायला लागलं. मालकानं बंगल्यावर दुसरा मजला चढवला. मुकादम जेवताना मोबाइलवर घरच्यांना बघायचा, बारकी पोरगी पलीकडनं त्याला काहीतरी दाखवायची. ती माणसं जो पैसा मिळवत होती तो माझ्या बायकोच्या हातातला होता. पण त्यांना शिवी घालायला गेलो की तोंडात थांबायची.

माझा पोरगा आखातात आहे. इमारतीच्या कामावर. मी त्याला फोनवर सगळं सांगितलं, बिहाऱ्यांनी गावाची वाट लावली म्हणालो. तो मग म्हणाला, "आबा, हितं आमीच बिहारी."

"म्हंजे?"

"म्हंजे हितल्या माणसाला हेच काम दिलं तर तिप्पट पगार द्यावा लागंल. म्हणून आमाला आणलंय. बारा जण एका खोलीत. तुमी काय बोलताय कळतंय मला, पर मला सांगू नका."

त्याच्या पैशानं घरावर पत्र्याच्या जागी स्लॅब आला. बायको आजारी पडली तेव्हा त्याच्याच पैशानं तिला सांगलीच्या दवाखान्यात ठेवली. पैसा कामाला आला, हे मी नाकारत नाही. पोरगा आला नाही. त्याचा पासपोर्ट कंपनीकडं होता. नागपंचमी झाली आणि चार दिवसांनी ती गेली. अग्नी मी दिला.

जायच्या आधी दवाखान्यात ती एकदा म्हणाली, "त्यो नारळ वैनींचा वैनींना परत देऊन या. काम झालं न्हाई, तवर त्यो आपला न्हाई. मी फोडला न्हाई." मी हो म्हणालो. पण गेलो नाही. मालकाच्या घरात तो नारळ घेऊन जायचा म्हणजे तोंड उघडावं लागणार होतं.

त्याच वर्षी ऑक्टोबरात परत तीच टोळी आली. छाटणी झाली, फूट निघाली, जादाची फूट खुडायची आणि घड बुडवायची वेळ आली. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी मुकादम मला म्हणाला, "चाचा, छठ में तो घर जाना ही पडेगा." मालक आधी दरडावून बघत होता, मग जादा पैसे बोलला. मुकादमानं ऐकून घेतलं, हात जोडले आणि सगळे स्टेशनला गेले. मी त्यांची गाठोडी उचलायला हात लावला. छठ म्हणजे आईचं व्रत, त्याला घरी जाणाऱ्याला काय म्हणायचं. माझ्या पोराला येता आलं नव्हतं.

मालकाचं तोंड उतरलं. चार दिवसांत डिपिंग झालं नाही तर माल गेला. संध्याकाळी तो माझ्या दारात आला. खाली ओट्यावर बसला. "मामा, मावशीच्या बायका बघा की. मला तुमच्याशिवाय कोण हाय."

मी दुसऱ्या दिवशी त्या उजव्या हाताच्या बाईकडं गेलो. ती आता टोळी धरून होती, सहा जणींची. ती भाकरी थापत होती, थांबली नाही.

"कोण म्हंतंय यायला? मालक?"

"व्हय."

"सोता न्हाई आला? तुमाला धाडलं? गेल्या टायमालाबी तुमी गप बसून हुता, ह्या टायमाला बोलायला आलाय." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "येतो आमी. पर एकराचा ठेका, बिहाऱ्यांचा न्हाई, आमचा दर. आनी पुढच्या हंगामाचं आताच कागदावर ल्ह्यायचं, सही करायची. वैनींना सांगा, ओटी भरू नका."

मला वाटलं, मालकाला हे लागेल. एकवीस वर्षांची ओटी नको म्हणते, कागद मागते. मी बागेवर जाऊन सांगितलं. मालकानं सुस्कारा टाकला आणि हसला. "येवढंच व्हय? मग आदीच सांगायचं की मामा. कागूद काय, आता करू." खिशातनं पेन काढलं. त्याला काही वाटलं नाही. ज्या गोष्टीसाठी माझी बायको बारा जणींपुढं मान खाली घालून बसली, तिचं ह्याला कधी काही वाटलंच नव्हतं. कागद झाला. साक्षीदार म्हणून खाली माझी सही घेतली. मी मोठ्या अक्षरात केली.

बायका आल्या, माल वाचला. पहिल्या वेलाखाली कुणी काही फोडलं नाही. डब्यातनं आणलेलं खाल्लं, मापानं काम केलं, पाचला गाडी धरली. हसायचं म्हणून कुणी हसलं असेल, मला ऐकू आलं नाही.

मग मी देव्हाऱ्यातला नारळ काढला. कानाशी हलवला. पाणी आटून आत गोटा झाला होता, खुळखुळत होता. पिशवीत घालून मालकाच्या घरी गेलो. मालक बागेत होता. वैनी सोप्यात लसूण सोलत होत्या.

"वैनी, ह्यो तुमचा. तिनं द्यायला सांगितलं हुतं."

त्यांनी ओळखला. कुंकवाचा डाग अजून होता. हात पुढं आला आणि थांबला. "मामा, शपथ घेते. मला म्हाईत न्हवतं. हे मला म्हणाले, भर दरसालासारखी. मी भरली. मला कळलं असतं तर मी मावशींच्या पदरात खोटा नारळ घातला नसता. मला त्यांच्या मयतीला यायचं तोंड न्हवतं."

खरं असेल. नसेलही. पण त्या रडायला लागल्या आणि माझ्या डोक्यात आलं की ही बाई मला एक गोष्ट विचारू शकते, आणि विचारत नाही. बायकोनंही कधी विचारली नाही. मी उभ्यानं म्हणालो, "मला म्हाईत हुतं, वैनी. आठ दिवस आदी. शेडला चुना मीच मारला. त्यो मोटारसायकलवाला आला तवा मी तिथंच बसलो हुतो."

वैनींनी डोळे पुसले.  मग हळू विचारलं, "मावशींना कळलं हुतं हे?"

मी म्हणालो, "चुन्यानं भरलेला माझा सदरा तिनंच धुतला हुता."

त्यांनी नारळ घेतला.